लिंकन टाउन कारमधला आराम

जुन्या अमेरिकी आलिशान सेडानची आठवण काढणारे वेगाबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलतात ते बैठकीबद्दल. लिंकन टाउन कारच घ्या. पुढे सोफ्यासारखी रुंद सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढेही तिघांना जागा. खाली वेगळी पोलादी चौकट आणि तिच्यावर रबरी आधारांवर टेकवलेली बॉडी. रस्त्याची थरथर बरीचशी खालीच जिरायची. १९९० च्या दशकातल्या गाड्यांत मागे हवेच्या पिशव्यांचं सस्पेन्शन होतं. डिकीत सामान लादून मागची बाजू दबली की कॉम्प्रेसर हवा भरून ती पुन्हा उचलायचा. वळणावर गाडी झुकायची, पेट्रोलही भरपूर प्यायची. २०११ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी लांब, सरळ हायवेवर तिच्याइतका निवांत प्रवास आजच्या कडक सस्पेन्शनच्या गाड्या देत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.