प्रांतांची फेररचना आणि रणजी करंडक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भारतातील राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरच्या वाट्याला आले, राजधानीचा मान भोपाळला मिळाला, आणि विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर आणि नागपूर यांचा प्रशासकीय ऋणानुबंध त्या दिवशी संपला. कचेऱ्या, दप्तरे आणि नोकरवर्ग यांच्या वाटणीची चर्चा पुष्कळ झाली. पण क्रिकेटच्या मैदानाचीही वाटणी झाली, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ साली सुरू झाले. त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा एक संघ होता, तर पलीकडे इंदूरच्या होळकर संस्थानाने पुढे आपला स्वतंत्र संघ उभा केला. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू त्याचे नायक होते. सागरचे चंदू सरवटे त्याचे एक आधारस्तंभ होते. म्हणजे प्रांताची माणसे संस्थानाच्या आश्रयाला गेली आणि होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला. १९५४-५५ नंतर हे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले. इंदूर आणि जबलपूर आता एकाच मध्य प्रदेश संघात आले, तर १९५७-५८ पासून विदर्भ स्वतंत्रपणे खेळू लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६० साली विदर्भ महाराष्ट्र राज्याचा घटक झाला. परंतु क्रिकेटच्या नकाशावर तो मुंबई, महाराष्ट्र व बडोदे यांच्या पश्चिम विभागात गेला नाही. तो मध्य प्रदेशाबरोबर मध्य विभागातच राहिला. राज्यकारभाराने तोडलेले शेजारी खेळाने एका पंगतीत बसविले.

संघ कोणत्या गटात बसतो, यावर त्याची प्रतिष्ठा कशी अवलंबून असते? १९७०-७१ पूर्वी प्रत्येक विभागातून केवळ एकच संघ अखिल भारतीय बाद फेरीत जात असे. मध्य विभागात राजस्थानचा संघ त्या काळी इतका प्रबळ होता की, १९६०-६१ ते १९७३-७४ या अवधीत तो आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला. अशा शेजाऱ्यापुढे दुसऱ्या क्रमांकाच्या संघास कितीही गुण असले तरी दार बंदच. उलट, राजस्थानचे ते आठही अंतिम सामने पराभवातच संपले. त्यांपैकी सात मुंबईकडून. विभागातील पहिला क्रमांक म्हणजे देशातील पहिला क्रमांक नव्हे, हाही धडा त्यातून मिळतो.

पुढे प्रत्येक विभागातून दोन, मग तीन संघ घेतले जाऊ लागले. २००२-०३ साली तर भूगोलाचा निकष सोडून संघांचे एलिट आणि प्लेट असे दोन वर्ग पाडण्यात आले. खालच्या वर्गात गणना होणे हा अनेकांना कमीपणा वाटे. परंतु २०१०-११ साली प्लेट गटातील राजस्थाननेच करंडक जिंकून तो समज खोटा ठरविला. विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्याच अंतिम सामन्यात विजय मिळविला, तोही इंदूरच्या मैदानावर. आणि पुढच्या वर्षी त्याची पुनरावृत्ती केली. मध्य प्रदेशाला १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बंगळूर येथे हार पत्करावी लागली होती. त्या वेळचे कर्णधार चंद्रकांत पंडित हेच २०२२ साली प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर उभे होते, आणि संघाने मुंबईस हरवून पहिला करंडक मिळविला. विदर्भाच्या दोन्ही विजयांमागेही मार्गदर्शक तेच होते.

गटरचनेने संघाची वाट अरुंद वा रुंद होते. संघाचे बळ मात्र रचनेतून निर्माण होत नाही. त्यासाठी गावोगावची मैदाने, शिस्त आणि चिकाटी लागते. मात्र वाट फारच अरुंद झाली, तर बळ असूनही ते जगास दिसत नाही. म्हणून रचना करणाऱ्यांची जबाबदारी लहान नाही. २००० साली बिहारचे विभाजन झाल्यावर पुढे झारखंडचा संघ खेळत राहिला, पण बिहारच्या खेळाडूंना २०१८-१९ पर्यंत रणजीबाहेर तिष्ठावे लागले. कागदावरच्या एका रेघेने तेथे एका पिढीचे उमेदीचे दिवस गेले.

मार्च २०२४ मध्ये नागपूर येथील उपांत्य सामन्यात विदर्भाने मध्य प्रदेशाचा ६२ धावांनी पराभव केला. एकेकाळी एकाच प्रांतात नांदलेले हे दोन शेजारी अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर समोरासमोर आले होते. जबलपुरातील ज्या मराठी घरांचे आजोळ नागपूरला आहे, त्यांना त्या दिवशी कोणाचा विजय चिंतावा हा प्रश्न पडला असल्यास नवल नाही. सीमा सरकारी आज्ञेने बदलतात. आपलेपणाची हद्द मात्र अशी एका दिवसात हलत नाही.