मोटारीची ठिणगी आणि जुनी तार

जुनी मोटार बाळगणाऱ्या घरांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. गाडी सकाळीं सुरू होते, गांवाबाहेर कांहीं अंतर सुरळीत जाते, आणि ऊन्ह तापलें कीं धक्के देऊं लागून बंद पडते. अर्ध्या तासानें ती आपोआप चालू होते. मग प्लग बदलतात, पॉइंट बदलतात, कॉइल बदलतात. पैसे जातात आणि रोग तसाच राहतो. अशा वेळीं दोष पुष्कळदां या भागांपैकीं कशांतही नसून त्यांना जोडणाऱ्या हातभर तारेंत असतो. ती तार कशी पारखावी आणि कशी बदलावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणादाखल आपण प्रीमियर पद्मिनी घेऊं. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांत झाला. त्यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाटच्या धर्तीवरील ही गाडी बाहेर पडली. तिची निर्मिती या शतकाच्या आरंभीं थांबली. मुंबईंतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तथापि कित्येक कुटुंबांनीं आपली गाडी हौसेनें जपली आहे. गाडी जपणें म्हणजे तिच्या तारा जपणें, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

प्रथम ठिणगी कशी उत्पन्न होते तें पाहूं. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. तिचा प्रवाह चावीच्या स्विचांतून कॉइलमध्यें, तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटमध्यें, आणि पॉइंटमधून गाडीच्या अंगांतून परत बॅटरीकडे जातो. इंजिन फिरतांना पॉइंट मिटतात व उघडतात. ते उघडतांच प्रवाह तुटतो, आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टचा दाब क्षणमात्र निर्माण होतो. तो रोटरमार्गें प्लगाकडे जातो आणि ठिणगी उडते. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं या शतकापूर्वींच्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ही पद्धति कॅडिलॅक गाडीसाठीं सिद्ध केली, आणि पुढें कित्येक दशकें जगांतल्या बहुतेक मोटारी तिच्यावरच चालल्या. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदास १०० ठिणग्या लागतात. इतक्या घाईच्या कामांत वाटेंतला थोडासाही अडथळा खपत नाहीं.

हा अडथळा किती महाग पडतो, याचा एक सोपा हिशेब करूं. कॉइलचा रोध ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टांवर तींतून ४ अँपिअर प्रवाह जातो. आतां तारेच्या टोकाला गंज चढून आणखी १ ओहम रोधाची भर पडली असें समजा. प्रवाह ३ अँपिअरवर येतो. परंतु कॉइलमध्यें सांठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते; म्हणजे जेथें सोळा हिस्से होते तेथें नऊच उरले. प्रवाह एक चतुर्थांशानें घटला, पण ठिणगीचें बळ जवळजवळ निम्म्यानें घटलें! अशी गाडी सपाटीवर कशीबशी चालते आणि चढ लागला कीं अडखळते. नवी कॉइल घातल्यानें हा एक ओहम जात नाहीं, कारण तो कॉइलमध्यें नव्हताच.

तार झिजते ती चार कारणांनीं. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि बॉनेटखालीं तर त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. तिनें तारेचें आवरण कडक होऊन तडकतें. तेलानें तें फुगतें. हादऱ्यांनीं आंतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. पत्र्याच्या भोंकांतून जातांना तार घांसली जाते. यांतला शेवटचा प्रकार सर्वांत भयंकर होय. पुष्कळ जुन्या गाड्यांत या मार्गावर फ्यूज नसतो. उघडी पडलेली तार पत्र्यास टेकली, तर तींतून मोठा प्रवाह वाहून ती लाल होते, आणि जवळच पेट्रोलची नळी असते. म्हणून या कामाचा संबंध केवळ खोळंब्याशीं नसून गाडींतल्या माणसांच्या जिवाशीं आहे.

आतां परीक्षा. चावी बंद ठेवून डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढावें आणि पॉइंट मिटलेले आहेत ना तें पहावें. उघडे असल्यास गाडी वरच्या गिअरमध्यें घालून किंचित पुढें ढकलावी. मग चावी लावून मल्टीमीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन ध्रुवावर व दुसरें कॉइलच्या चावीकडील खिळ्यावर ठेवावें. मीटरनें अर्ध्या व्होल्टच्या आंत आंकडा दाखविला, तर वाट मोकळी आहे. आपल्या हिशेबांतली गंजलेली तार येथें ३ व्होल्ट दाखवील. त्याचप्रमाणें डिस्ट्रिब्यूटरचें अंग आणि बॅटरीचा ऋण ध्रुव यांमध्येंही मापावें. इंजिनाला बॉडीशीं जोडणारी अर्थची पट्टी अनेकदां तेथेंच सांपडते. परीक्षा होतांच चावी बंद करावी, नाहीं तर कॉइल तापते. डिस्ट्रिब्यूटरच्या आंत एक बोटभर लवचीक तार असते. ती सतत हलत असल्यामुळें आंतून तुटते, पण वरून धड दिसते. मीटर लावून ती हळूच हलवावी. आंकडा नाचला तर चोर सांपडला म्हणून समजावें.

प्लगाकडे जाणाऱ्या जाड तारांची परीक्षा अंधारांत होते. इंजिन चालू असतां तडकलेल्या आवरणावरून निळसर ठिणग्या सरपटतांना दिसतात. त्यांस हात लावूं नये. हृदयांत पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीनें तर जवळही जाऊं नये.

दुरुस्तीच्या आरंभीं बॅटरीची ऋण तार सोडवावी. एका वेळीं एकच तार काढून तिच्या जागीं त्याच रंगाची, तितक्याच किंवा थोड्या अधिक जाडीची तांब्याची वायर घालावी; म्हणजे जोडणी चुकत नाहीं. टोंकाचें थिंबल योग्य चिमट्यानें घट्ट दाबावें. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत सोडून द्यावी. उन्हानें पट्टीचा गोंद सुटतो. पत्र्याच्या प्रत्येक भोंकांत रबरी बुश हवा, आणि धुराच्या तापणाऱ्या नळीपासून तार दूर बांधली पाहिजे. प्लगाच्या तारांचा क्रम १-३-४-२ असा आहे. त्याही एकेकच बदलाव्या.

समजा, पुण्याहून सोलापुरास निघालेली गाडी टेंभुर्णी मागें टाकून मोडनिंबाजवळ थांबली. तेथें प्रथम बॅटरीचीं टोंकें, मग कॉइलचीं टोंकें, मग डिस्ट्रिब्यूटरमधली ती बोटभर तार, या क्रमानें पहावें. चावीकडून येणारी तारच तुटली असेल, तर बॅटरीपासून कॉइलपर्यंत तात्पुरती वायर ओढून गाडी गांवापर्यंत नेतां येते. परंतु मग चावी फिरवून इंजिन बंद होत नाहीं, ही वायर काढूनच तें थांबवावें लागतें. आणि ती विसरून राहिली तर कॉइल जळते. हा उपाय मुक्कामापर्यंतचा आहे, घरीं आल्यावरचा नव्हे.

एक मीटर, कांहीं हात वायर, थोडीं थिंबलें आणि एक आगविझवणी नळकांडी एवढें सामान गाडींत असावें. मिस्त्रीकडे गेल्यास त्यानें भाग बदलण्यापूर्वीं तार मापावी, असा आपण आग्रह धरावा. आणि घरांतल्या तरुण मुलांमुलींस ही परीक्षा स्वतः करावयास लावावी. गाडी वारशानें त्यांजकडे जावयाची असेल, तर तिचें ज्ञानही त्यांजकडे जावयास हवें.