धष्टपुष्ट वळू, रिकामी कूस
वळू धष्टपुष्ट, गाय निरोगी. तरी गाय वारंवार उलटते. पश्चिम अमेरिकेच्या कुरणांत, जिथे वळू कळपातच मोकळे सोडतात, यामागे अनेकदा 'ट्रायट्रायकोमोनास फीटस' हा एकपेशीय परजीवी असतो. वळूत तो कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे राहतो. गायीचा गर्भ मात्र बहुधा पहिल्या काही महिन्यांतच जातो. पुढे गाय आपोआप रोगमुक्त होते, पण तिची प्रतिकारशक्ती टिकत नाही. शरीरालाच जे धड साधत नाही, ते लसीने साधायचे! कॅलिफोर्नियातील संशोधिका लिनेट कॉर्बाइल यांनी परजीवीच्या पृष्ठभागावरील प्रतिजन वेगळा करून गायींना टोचला. संसर्ग लवकर ओसरला. मृत परजीवींपासूनची लसही गर्भहानी घटवते, संसर्ग सर्वस्वी रोखत नाही. त्यामुळे वळूंची तपासणी अटळच. आपल्या गोठित रेतन केंद्रांतील वळूंनाही ती चुकलेली नाही.