वीस पंप

सकाळी ६:१५
राहुरी तालुका. जानेवारीची थंडी. उसाच्या कडेनं मोटारसायकल येते ती मध्येमध्ये हॉर्न वाजवत. बिबट्याचा भाग आहे, अंधारात कुणी गुपचूप येत नाही. मागच्या सीटवर बॅटरीचा पंप बांधलेला. टाकीवर लाल रंगात ‘तण’ एवढंच लिहिलंय. फवारणीवाल्याकडे दोन पंप आहेत, एक किडीच्या औषधाचा आणि एक तणनाशकाचा. दुसऱ्यासाठी त्यानं अडीच हजार रुपये वेगळे मोजले. टाकीत किंवा नळीत तणनाशक जरासं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपानं टोमॅटोवर औषध मारलं, तर शेंडे वळतात, पानं आकसतात. मग भरपाई कुणी द्यायची?

सकाळी ६:५०
ओट्यावर चहा आणि बाजरीची भाकरी. तो पोटभर खातो. उपाशीपोटी पंप पाठीवर घ्यायचा नाही, हा त्याचा नेम. आजचं वावर दीड एकराचं. गावरान कांदा, लागण होऊन बावीस दिवस झालेले. मजुरी पंपाला पन्नास रुपये.

सकाळी ७:२०
वावरात पोचलो तर पातीवर दव. मालकाला घाई आहे, लाइट दुपारपर्यंतच. “चालू करा की दादा.” फवारणीवाला पातीवरून बोट फिरवतो, ओलं बोट दाखवतो. ओल्या पातीवर मारलं तर औषध ओघळून जातं. त्याला थांबायचंय. थांबण्याची मजुरी कुणी देत नाही.

तो बसत मात्र नाही. बांधानं चक्कर मारतो. पश्चिमेला ऊस, त्याची काळजी नाही. उत्तरेला विहीर. पूर्वेला मालकाच्या आईनं घरापुरती केलेली भाजी: मेथीचा वाफा, कोथिंबीर, वांग्याच्या दोन ओळी, चार मिरच्या.

“मावशी, मेथी आत्ताच खुडून घ्या. आणि तुमच्या वाफ्याला लागून कांद्याच्या दोन सऱ्या आहेत, तिथं मी मारणार नाही. त्या खुरप्यानं काढा.”

“एवढ्याशानं काय होतंय रे?”

“मेथीला एवढंसंच पुरतं, मावशी.”

मावशी विळी आणायला घरात गेल्या.

सकाळी ८:१०
तो वाकून तण बघतो. दोन-चार पानांवर असलेलं तण या औषधाला बळी पडतं, मोठं झालं की नुसतं करपून पुन्हा फुटतं. तांदुळजा, घोळ, केना आहे. हरळी थोडी. लव्हाळा बराच. “लव्हाळ्याला हे लागू नाही,” तो मालकाला आधीच सांगून ठेवतो. त्याची गाठ जमिनीत खोल असते. चाळीस-पन्नास दिवसांनी एक खुरपणी करावीच लागणार. हे ऐकून मालकाचा चेहरा उतरतो, पण आता उतरलेला बरा.

सकाळी ८:३५
पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, गमबूट, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा. मोजे ऐंशी रुपयांचे. दर वेळी तो त्यात पाणी भरून भोक पडलंय का बघतो.

मालकानं दोन बाटल्या आणल्यात: रुंद पानांच्या तणासाठी ऑक्सिफ्लोरफेन, गवतासाठी क्विझालोफॉप. सोबत दुकानाचं बिल. बिल नसेल तर तो बाटली उघडत नाही. आधी लेबल. कायद्यानं प्रत्येक बाटलीवर तिरका चौकोन असतो, त्याच्या रंगावरून जहालपणा कळतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर बारीक, म्हणून तो मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचतो. प्रमाण हेक्टरी दिलेलं असतं. पंप असतो लिटरमध्ये आणि वावर गुंठ्यात. इथंच बहुतेकांची गडबड होते.

त्याची रीत साधी. त्यानं एकदा नुसतं पाणी भरून एक गुंठा आपल्या चालीनं फवारून पाहिला. पाच लिटर लागलं. चाळीस गुंठ्यांना दोनशे लिटर. दीड एकराला तीनशे, म्हणजे पंधरा लिटरचे वीस पंप. दीड एकराला लागणारं औषध त्या वीस पंपांत वाटून टाकायचं. मापानं. बाटलीच्या टोपणानं अंदाजे ओतणं त्याला मंजूर नाही. मालक म्हणतो, “थोडं कडक करा.” तो मान हलवतो. कडक केलं तर तणासोबत कांदाही बसतो.

बादलीत आधी पाणी, मग औषध, मग काठीनं ढवळणं. ओतताना पाठीवर वारा. विहिरीपासून टिपाड लांब ठेवलेलं.

सकाळी ९:००
पहिला पंप. पाणी पंधरा किलो, पंप पाच-सहा किलो, पट्टे खांद्यात रुततात. नोझल पंख्यासारखं फवारणारं, गुडघ्याच्या उंचीवर धरलेलं. आणि तो उलटा चालतो. मागे, मागे, सरीचा अंदाज पायानं घेत. ऑक्सिफ्लोरफेनचा थर मातीवर बसतो, त्यातून उगवणारं तण मरतं. पावलांनी तो थर मोडायचा नाही. शिवाय फवारलेल्यातून चालायला लागत नाही, ते वेगळं.

पंपाला तेरा मिनिटं, भरणं धरून. सहाव्या पंपाला नोझल तुंबतं. खिशात जुना दात घासायचा ब्रश आहे, त्यानं साफ करतो. तोंडानं फुंकणारे मी पुष्कळ पाहिलेत.

सकाळी ११:२०
बांधावर काठी रोवून तिला साडीच्या काठाची पट्टी बांधली होती. ती आडवी व्हायला लागली, तीही मेथीच्या दिशेनं. अकरा पंप झालेत. तो बटण बंद करतो.

“नऊच तर राहिलेत,” मालक म्हणतो.

“वारा पडू द्या, भाऊ.”

संध्याकाळी त्याला दुसरीकडे सहा पंपांचं काम होतं. फोन करून तो ते नाही म्हणतो. तीनशे रुपये गेले. दिवसभरात त्यानं वीस वेळा पंप उचलला, पण मला सगळ्यात जड हा फोन वाटला.

दुपारी १२:३०
मोजे हातात असतानाच साबणानं धुतले, मग काढले, मग हात, मग तोंड. सदरा बदलला. बाभळीखाली शेजारच्या वावरातल्या खुरपणीच्या बाया जेवायला बसल्यात. त्यांचा रोज तीनशे. खुरपताना निघालेली घोळ, तांदुळजा त्या ओच्यात घालून घरी नेतात, रात्रीच्या भाजीची सोय होते. फवारणीवाला हात जोडून सांगतो, “बायांनो, या कांद्यातली भाजी नेऊ नका. आजच नाही, पुढंही नाही.” एकजण म्हणते, दिसायला तर हिरवीगारच आहे. तेच तर.

बोलणं यवतमाळवर येतं. २०१७ च्या हंगामात तिथं कापसावर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती कीडनाशकं होती आणि कापूस डोक्याला लागलेला, फवारा अंगावरच पडायचा. तणनाशक खाली मारतात म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पॅराक्वाट हेही तणनाशकच, आणि ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. म्हणून तो कुठलंही औषध कधी थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवत नाही. घरात पोरं आहेत.

दुपारी ३:५०
पट्टी खाली लोंबली. बारावा पंप. मालक बांधाकडे बोट दाखवतो, “तिथं ग्लायफोसेट मारून टाका एकदाचं.” ते आता कीड नियंत्रणाच्या परवानाधारकांनीच वापरायचं, असा केंद्राचा आदेश ऑक्टोबर २०२२ चा आहे. त्याच्याकडे तो परवाना नाही. “बांध कापून घ्या. गवत म्हशीला होईल.”

संध्याकाळी ५:५०
विसावा पंप रिकामा. बाटल्या तीनदा विसळून ते पाणी त्यानं भरतानाच पंपात घेतलं होतं. आता पंप तीनदा धुतो. ते पाणी कांद्याच्याच वावरात, विहिरीपासून लांबच्या टोकाला फवारून टाकतो. बाटल्यांना सळईनं भोकं पाडतो. अख्ख्या असत्या तर कुणी त्यात तेल भरलं असतं, कुणी पाणी.

संध्याकाळी ६:२०
एक हजार रुपये. पेट्रोल ऐंशीचं. “चार-आठ दिवसांत पातीवर पांढरे ठिपके दिसतील,” तो सांगतो, “घाबरून दुसरं औषध मारू नका. नवी पात चांगली येते.”

रात्री ७:४०
घरी गरम पाण्यानं अंघोळ. कपडे वेगळ्या बादलीत, तो स्वतः धुतो, बायकोला हात लावू देत नाही. फोन वाजतो. उद्या उसात टू-फोर-डी मारायचंय, चौदा पंप.

“शेजारी काय आहे?”

“टोमॅटो.”

“कुणाचा?”

“चुलत्याचा.”

“त्यांना आधी विचारा. हो म्हणाले तरी सकाळी येऊन वारा बघतो, मग सांगतो.”