ट्रॉली घ्यायची? आधी ट्रॅक्टरचे वजन बघा

दसरा झाला की गावोगावच्या वेल्डिंगच्या शेडपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. कुणी नवी बांधून घेतो, कुणी जुनीला रंग देतो, तर कुणी उसाच्या वाहतुकीसाठी एकाच्या दोन करतो. शेतकरी बंधूंनो, या गडबडीत सगळे एकच विचारतात, "आपला ट्रॅक्टर किती टन ओढील?" पण उतारावर तो किती टन थोपवील, हे फारसं कुणी विचारत नाही.

ओढायची ताकद इंजिनात असली, तरी ती जमिनीला लावतात ती मागची दोन चाकं. ४५ एच.पी.च्या ट्रॅक्टरचं वजन साधारण २ टन. त्यातलं तेरा-चौदाशे किलो मागच्या चाकांवर. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या पाऊणपट धरा, म्हणजे जोर लागतो हजार किलोच्या आसपास. आता चारचाकी ट्रॉली घ्या. रिकामी २ टन, वर १० टन ऊस, झाले १२ टन. दहा फुटांना एक फूट असा चढ आला, की ही ट्रॉली एकटीच १२०० किलोनं मागं खेचते. चाकं जागेवर गरगर फिरतात आणि आपण इंजिनाला दोष देतो. उतारावर तेच १२०० किलो पाठीमागून ढकलतात. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक मागच्या चाकांनाच, ट्रॉलीला तर बहुधा नसतातच. रस्ता ओला असला की ट्रॉली ढकलत येते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

म्हणून ट्रॉली निवडताना शेजाऱ्याची बघू नका, आपला रस्ता बघा. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट भागात जे चालतं, ते राधानगरी-भुदरगडच्या चढ-उतारावर चालत नाही. आमचं मत विचाराल, तर डोंगराकडच्या शेतकऱ्यानं ४५ एच.पी.च्या ट्रॅक्टरमागं दोनचाकी लहान ट्रॉली घ्यावी आणि ब्रेक नसतील तर मालासकट पाच-सहा टनांच्या वर जाऊ नये. खेपा वाढतील, डिझेल वाढेल, हे खरं. पण जास्त माल न्यायचाच असेल, तर ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्या आणि जास्त वजनाचा ट्रॅक्टर बघा. नुसते एच.पी. वाढवून भागत नाही. आहे त्याच ट्रॅक्टरची पकड वाढवायची तर मागच्या टायरमध्ये पाणी भरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

सपाट भागातही काळ्या रानाचा हिशेब वेगळा आहे. डांबरीवर १२ टनांची ट्रॉली दोन-तीनशे किलोच्या ओढीनं चालते. तीच मऊ रानात हजार किलोला भारी पडते आणि ओल्या मातीत टायरची पकड निम्म्यावर येते. तेव्हा जोडी असली तरी फडातून एकेक ट्रॉली बाहेर काढायची आणि रस्त्यावर आल्यावर जोडायची. फडातच दोन्ही जोडून गियर आणि क्लच जाळणारे हुशार दर हंगामात भेटतात.

दोनचाकी ट्रॉलीचं एक बरं असतं. तिचं थोडं वजन हुकावर येतं, त्यानं मागची चाकं दबतात आणि पकड वाढते. पण माल पार पुढं रचला की ट्रॅक्टर तोंड उचलतो, स्टिअरिंग हलकं लागतं. माल मागं गेला तर हूक वर उचललं जातं आणि चाकं सुटतात. चारचाकीचा भार तिच्याच चाकांवर राहतो. हूक मात्र खालचंच वापरा. ट्रॉली अडकली म्हणून वरच्या टॉपलिंकच्या जागी साखळी बांधून ओढायला जाऊ नका. ट्रॅक्टर पुढून उठून चालकाच्या अंगावर पलटी होतो, तो असाच.

बांधून घेताना रंगावर जाऊ नका. दांडी चासीला जिथं जोडली आहे तिथलं वेल्डिंग, पाटे, हब आणि बेअरिंग बघा. पिनेला खटका हवा आणि शिवाय वेगळी साखळी हवी. पिनेच्या जागी पहार किंवा लोखंडी गज घालणं बंद करा. जुनी घेत असाल तर चाक जॅकवर उचलून हातानं हलवून बघा. खडखडलं तर बेअरिंगचं काम निघणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

रस्त्यावर निघताना ब्रेकची दोन्ही पेडल खटक्यानं एकत्र जोडलेली हवीत. रानात वळायला ती सुटी करतात आणि तशीच रस्त्यावर येतात. मग घाईत एकच दाबलं जातं आणि ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. उताराला लागायच्या आधीच खालचा गियर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणाऱ्या चालकाच्या हाती ट्रॅक्टर देऊ नका.

कागदाचंही बघा. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी होते, तिला स्वतःचा नंबर असतो. विमा काढताना ट्रॉली त्यात लिहिली आहे का, ते वाचून घ्या. ट्रॉली मालासाठी आहे. तीत बसवलेल्या माणसांना अपघात झाला तर भरपाईचा वाद मालकाच्या दारात येतो. मडगार्डवर बसणाऱ्याचंही तेच.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनाही एक विनंती. पंक्चर झालेली किंवा जोडीतली एखादी ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला दिव्याशिवाय उभी राहते आणि मागून येणारा मोटारसायकलवाला तिच्यावर आदळतो. हंगाम सुरू होण्याआधी दवंडी द्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा, आणि गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी लागली का, ते एकदा फिरून बघा. उसाची वाढं मागं लोंबून पट्टी झाकली जाते, म्हणून ती फाळक्याच्या वर न लावता खाली चासीच्या आडव्या पट्टीवर लावायला सांगा.