विश्लेषण : मऊ जेलला शिंपल्याचा चिवटपणा कसा मिळणार?

गुडघ्यातील कूर्चा एकदा झिजली की सहसा आपोआप भरून येत नाही. तिच्या जागी पाणीदार, मऊ जेल बसवता येईल का, यावर अनेक ठिकाणी संशोधन सुरू आहे. पण शरीराचा भार पेलून हे जेल टिकणार कसे? याचे एक उत्तर शिंपल्यात आहे.

अडचण नेमकी काय?
कडक असणे आणि चिवट असणे या वेगळ्या गोष्टी. काच कडक असते, पण चीर पडताच फुटते. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे रेणूंचे जाळे. ते कडक करण्यासाठी जाळ्यातील गाठी वाढवल्या, की ताणायला वाव उरत नाही आणि जेल ठिसूळ होते.

शिंपला काय करतो?
त्याच्या आतील चमकदार थरात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. संगमरवरातही मुख्यतः हेच रसायन. फरक आहे तो रचनेत. जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मध्ये प्रथिनांचा मऊ, पातळ थर असतो. चिरेला प्रत्येक विटेला वळसा घालावा लागतो. चकत्या किंचित सरकतात, प्रथिने ताणली जातात आणि आघाताची ऊर्जा तिथेच खर्ची पडते.

नक्कल जमली का?
२००८ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी ॲल्युमिनाची भुकटी मिसळलेले पाणी ठरावीक दिशेने गोठवले. बर्फाच्या पापुद्र्यांमध्ये कण ढकलले जाऊन थर तयार झाले. बर्फ काढून, सांगाडा भाजून पोकळीत ॲक्रिलिक भरले. हा पदार्थ तोडण्यास मूळ घटकांच्या ३०० पटींहून अधिक ऊर्जा लागली.

मऊ पदार्थांचे काय?
जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील जियान पिंग गाँग यांच्या गटाने २००३ मध्ये एकमेकांत गुंतलेल्या दोन जाळ्यांचे जेल बनवले. कडक जाळे आधी तुटून ऊर्जा शोषते, सैल जाळे पदार्थ एकसंध ठेवते. थरांच्या रचनेतही तत्त्व तेच : ताठ थर भार उचलतो, मऊ थर चिरेचे टोक बोथट करतो.

आता कसोटी कोणती?
पाणी शोषून मऊ थर फुगतो, ताठ थर तितका फुगत नाही. त्यामुळे थर सुटण्याचा धोका असतो. शिवाय गुडघ्यावर वर्षाला लाखो पावलांचा भार पडतो. एकदा ताणून न तुटणे पुरेसे नाही. लाखाव्या पावलालाही जेल तितकेच चिवट राहायला हवे.