हळदीचा डबा आणि नळाचं पाणी



सुक्कोथ आला की फळ्या बाहेर निघतात आणि फळ्यांबरोबर खिळेही. गेल्या वर्षी सुक्का बांधताना आमच्या आत्याबाईंच्या टाचेत खिळा घुसला. रक्त फारसं आलंच नाही. "काही नाही रे, हळद आण," म्हणाल्या. हळद दाबली, वर फडकं बांधलं. आत्याबाईंना डायबेटिस आहे हे ठाऊक असून आम्ही गप्प बसलो. चौथ्या दिवशी पाय सुजला, ताप चढला आणि सणाचे दिवस इस्पितळात गेले. नर्सने जखम धुतली तेव्हा आतून पिवळी पूड निघाली! पाय वाचला, देवाची कृपा.

कोकणात आपल्या आज्या हळद, चुना, दगडीपाल्याचा रस लावत. दुसरं होतं काय त्यांच्याकडे? पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. जखमेत भरली की घाण आतच कोंडते. कॉफीच्या पुडीचंही तसंच.

आधी हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड १० मिनिटं घट्ट दाबून धरावं, सारखं उचलून बघू नये. मग जखम नळाखाली धरावी, चांगली ५-१० मिनिटं. पिण्याचं पाणी असलं की पुरे. साबण जखमेच्या भोवती लावावा, आत नको. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही आत ओतू नये. जंतूंबरोबर भरून येणारं मांसही जळतं. पॉलिडीन लावायचंच तर धुतल्यावर, धुण्याऐवजी नव्हे. वर स्वच्छ पट्टी, रोज बदलायची. खोल रुतलेली वस्तू मात्र घरी उपसू नये.

धनुर्वात गंजाने होतो असं आपण समजतो. त्याचे जंतू असतात मातीत, शेणात, आणि खिळ्याच्या अरुंद, खोल भोकात हवा नसल्याने ते फोफावतात. जखम मळकी असेल आणि शेवटच्या लशीला ५ वर्षं उलटली असतील तर कुपत होलिममध्ये जाऊन लस घ्यावी. डायबेटिसवाल्यांनी पायाची जखम, कितीही बारीक असो, डॉक्टरला दाखवावीच. लाली पसरली, पू आला, ताप आला तर कोणीच थांबू नये.

कुत्रा, मांजर, कोल्हा चावला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी आरोग्य कचेरी, म्हणजे लिश्कत हाब्रियुत गाठावी. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर सहसा कोणी वाचत नाही.

आणि दाबूनही रक्त थांबत नसेल तर मागेन दाविद आदोमला १०१ वर फोन करा. शब्बाथ असला तरीही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायची आपल्या धर्मात आज्ञाच आहे.